वाटेतलं घर

फेब्रुवारी १९९९, दुसरा रविवार, सकाळी साडेसात. स्थळ: सातपूरच्या मागच्या अंगाला, नानांचा द्राक्षमळा.

हजर: फोरमन. त्यांचे धाकटे भाऊ नाना, ज्यांच्या जमिनीवरून घर उचलायचं होतं. आमच्या कारखान्यातले अठरा जण, पैकी सहा रात्रपाळी करून थेट आलेले. देवळाली कॅम्पहून एक निवृत्त हवालदार आणि त्यांनी सोबत आणलेले नऊ धट्टेकट्टे गडी. नानांच्या बागेत कामाला आलेले सुरगाण्याकडचे मजूर. ओढ्यापलीकडे गुलाबाची शेती करणारे महादूभाऊ आणि त्यांचे दोन मुलगे. भजनी मंडळ, टाळांसह. त्यांना कोणी बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वीज मंडळाचा एक वायरमन, मैत्रीखातर. मी, हजेरीची वही घेऊन.

घरात: फोरमनच्या पत्नी, म्हणजे काकू, एक गॅस सिलिंडर, दोन कोंबड्या.

गैरहजर: ज्यांनी "शंभर टक्के येतो" असं सांगितलं होतं ते सगळे.

घर उचलायचं म्हणजे घरातलं सामान नव्हे. घरच उचलायचं होतं. खांबांसकट, छपरासकट, खिडकीतून बघणाऱ्या काकूंसकट. ते खांद्यावर घेऊन ओढ्यापलीकडे न्यायचं आणि महादूभाऊंच्या बांधाजवळच्या पडीक तुकड्यावर ठेवायचं. इतकं साधं काम आहे, असं फोरमन महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

आता फोरमन कोण, ते सांगते.

मी ब्याण्णव साली सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअर्सला लागले तेव्हा ते तिथे मेंटेनन्सचे फोरमन होते. सगळे त्यांना फोरमनच म्हणत, त्यांचे भाऊसुद्धा कधीकधी. मी काका म्हणायचे. त्याआधी पाच वर्षं ते इंडोनेशियात होते. एका बेटावर खोबरेल तेलाच्या घाण्याचा बॉयलर बसवायला गेले. बॉयलर बसला, पण घाणा काही आला नाही, आणि ज्या ठेकेदारानं त्यांना नेलं होतं तो एक दिवस दिसेनासा झाला. परत यायला तिकीट नव्हतं. समुद्रकाठच्या त्या कोळ्यांच्या गावात फोरमन होड्यांची इंजिनं दुरुस्त करत राहिले. लोकांकडे नगद काही नसायचं. जे होतं ते त्यांनी दिलं: राहायला खांबांवरचं एक घर आणि सात नारळ. नारळ म्हणजे फळं नव्हेत, उभी झाडं. झाडाखालची जमीन दुसऱ्याची, झाड फोरमनचं. तिथे तशीच रीत होती. ज्यानं झाड लावलं किंवा ज्याला दिलं त्याचं झाड. जमीन ज्याची त्याची.

निघताना घर त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकलं. नारळ ठेवले.

त्यामुळे आमच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता ते मध्येच म्हणायचे, "आमच्याकडे आता वारा सुटला असेल. माझे पडत असतील."

"आमच्याकडे" म्हणजे ते बेट. नाशिक म्हणजे "तुमच्याकडे". वास्तविक जन्म इथलाच, शाळा इथली, आयटीआय इथलं. पण नाशिकबद्दल बोलताना ते पाहुण्याच्या नजरेनं बोलायचे. "तुमच्याकडे मुळे चांगले मिळतात," असं ते आपल्या सख्ख्या भावाला, त्याच्याच मळ्यात उभं राहून सांगायचे.

माझ्या कंपाउंडमध्ये त्यांनी न विचारता शेवगा लावला. दोन वर्षांनी शेंगा धरल्या तेव्हा रविवारी सकाळी आकडी घेऊन हजर. शेंगा काढल्या, ओट्यावर दोन सारखे ढीग केले.

"हा तुमचा."

"काका, झाड माझ्या अंगणात आहे."

"म्हणून तर निम्म्या देतोय. अंगणाचा वाटा."

मी शेंगा घेतल्या. नाही तरी मला शेवगा लावायला सुचलं नसतंच.

वाट्यांचं हे प्रकरण फार पुढे गेलं होतं. त्यांच्या त्या गावात मासे आले की माणसांइतकाच वाटा होडीला, इंजिनाला आणि जाळ्यालाही काढतात. फोरमननी ते इकडे चालू केलं. कुणाची स्कूटर मागून मंडईत गेले तर स्कूटर परत करताना हँडलला मेथीची जुडी अडकवलेली असायची. ती मालकाची नाही, स्कूटरची. माझा मिक्सर एकदा नेला आणि परत आणला तेव्हा भांड्यात वाटीभर चटणी होती. मी भांडं नीट धुतलं नाही असं समजून रागावले, तेव्हा काकूंनी समजावलं, "ताई, ती मिक्सरची हाय. तुम्ही खाल्ली तरी चालंल."

कारखान्यात मोठी ऑर्डर पुरी झाली की पेढे वाटत. फोरमन एक पेढा ग्राइंडिंग मशीनवर ठेवत. तो पेढा कोणी खायचा यावर पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत इतकी भांडणं झाली की शेवटी युनियननं तो विषय मॅनेजमेंटपुढे नेला. मॅनेजरनी फोरमनना बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे. फोरमन म्हणाले, "साहेब, काम कोणी केलं?" मॅनेजर इंजिनिअर होते. त्यांनी थोडा विचार केला आणि मशीनचा पेढा मंजूर केला.

त्यांची दुसरी खोड अशी की कुठलीही वस्तू दिसली की ते उघडून बघत. उघडायचे फार सुंदर. एकेक स्क्रू ओळीनं मांडायचे, प्रत्येक भाग पुसायचे, बघणाऱ्याला समजावून सांगायचे. मग ते सगळं टोपलीत भरायचे आणि टोपली वर ठेवून द्यायचे. कारखान्यात जोडणारे दुसरे होते म्हणून निभत होतं. घरी कोणी नव्हतं.

"ह्यांना उघडायला येतं ताई," काकू म्हणायच्या, "मिटायला नाय येत."

काकू निफाडकडच्या. लग्न झाल्यावर आधी सासरच्या एकत्र घरात, सात जणींत एक चूल. मग फोरमन बेटावर होते तेव्हा पाच वर्षं माहेरी, भावजयीच्या हाताखाली. ते परतल्यावर सातपूरच्या एका चाळीत एक खोली, नळ बाहेर. मूलबाळ नाही. वडिलार्जित जमिनीची वाटणी करायची वेळ आली तेव्हा काकूंना वाटलं, आता आपलं काहीतरी होईल. फोरमननी कचेरीत जाऊन सगळ्या जमिनीवरचा हक्क सोडला.

"जमीन कसतो तो," ते नानांना म्हणाले. "मला झाडं दे."

बांधावरचे पाच आंबे, दोन जांभळं आणि एक चिंच ही त्यांनी आपल्या वाट्याला घेतली, तोंडी. नानांना आनंद झाला आणि लाजही वाटली. त्यांनी मळ्याच्या कोपऱ्यात हवं तसं घर बांधायला सांगितलं.

घर फोरमननी स्वतः बांधलं, त्र्याण्णव साली. निलगिरीचे नऊ खांब, तीन ओळींत तीन. प्रत्येक खांबाखाली एक चपटा दगड, पाया नाहीच. माणूस वाकून खालून जाईल इतकी उंची. वर फळ्यांची जमीन, फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. फळ्या कारखान्यात येणाऱ्या मशिनांच्या खोक्यांच्या, भंगारात घेतलेल्या. त्यामुळे काकूंच्या स्वयंपाकघरातल्या भिंतींवर जागोजागी "धिस साइड अप" असं छापलेलं होतं आणि बाणाची टोकं चारी दिशांना होती. जिना सात पायऱ्यांचा. समुद्र तिथून सरळ रेषेत मोजला तरी शंभर किलोमीटरहून लांब, पण भरती आली तर घर कोरडं राहिलं असतं.

काकू त्याला खुराडं म्हणायच्या. माहेरचं कोणी आलं की त्यांना खालीच मळ्यात बसवून चहा द्यायच्या. पण एकदा मी वर गेले तेव्हा पाहिलं, भिंतीत कोनाडा करून घेतला होता, मिसळणाच्या डब्याला जागा, कंदिलाला खिळा, खिडकीत तुळस. पोळपाट भिंतीला टेकवण्याआधी त्या भिंत पदरानं पुसत होत्या.

मग नाशिक वाढत वाढत नानांच्या बांधापर्यंत आलं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर नानांनी बिल्डरशी व्यवहार केला. जमीन फेब्रुवारीअखेर मोकळी करून द्यायची होती. सांगायला नाना आले तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा परत करायला म्हणून तिथेच होते. त्या वेळी अंगणाचा वाटा जास्त आला होता.

"दादा, व्यवहार झाला," नाना म्हणाले. "जमीन मोकळी द्यायची हाय."

"दे की. जमीन तुझी."

"तुझं घर हाय ना तिच्यावर."

"हो. घर माझं."

"मग?"

"मग तू जमीन दे, मी घर नेतो."

नाना तसे समजूतदार. ते म्हणाले, "ट्रॅक्टर देतो, चार माणसं देतो. सगळं खोलून फळ्या नीट रचून ठेवू. पुढं जागा मिळंल तिथं जोडू."

काकू वरून सगळं ऐकत होत्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ.

"खोलायचं नाय."

"वहिनी, परत जोडू की."

"कोण जोडणार? हे? भाऊजी, मिक्सर टोपलीत हाय. भिंतीवरचं घड्याळ टोपलीत हाय. आईनं दिलेलं शिवणयंत्र सहा वर्षं टोपलीत हाय. मला घर टोपलीत नाय घालायचं."

फोरमन खाली उभे होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. मला वाटतं त्या घराला काकूंनी घर म्हटलेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"खोलणार नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे घर खोलत नाहीत. गाव बोलावतात आणि उचलून नेतात."

मी विचारलं, "काका, असं कधी बघितलंय तुम्ही?"

"बघितलंय काय, खांदा दिलाय. दोनदा."

त्यांच्या रीतीनं बोलवायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं. ते तीन चहाच्या टपऱ्यांवर, मारुतीच्या देवळात आणि कँटीनमध्ये जाऊन "रविवारी घर चाललंय" एवढंच म्हणाले आणि निघून आले. एवढ्यानं आपल्याकडे कोणी येत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून वही मी घेतली. माणसं, दोर, बांबू, पाणी, मलमपट्टी, जेवण. वाट आखली: मळ्यातून गाडीवाट, मग आमच्या सोसायटीची मोकळी जागा, मग ओढ्यावरचा फरशीपूल, मग महादूभाऊंचा बांध. गल्लीत विजेच्या तारा खाली होत्या, म्हणून मोकळ्या जागेतूनच जाणं भाग होतं. मी सोसायटीची सेक्रेटरी होते. आमचे चेअरमन निवृत्त तलाठी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांना विचारलं.

"घर आपल्या जागेतून जाणार?"

"जाणार फक्त. थांबणार नाही."

"जायला हरकत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "वहिवाट पडली नाही पाहिजे."

महादूभाऊंना जागेचं विचारलं तर ते म्हणाले, "ठेवा की. तिथं नाय तरी गवतच हाय. काकूंनी गुलाबाकडं जरा लक्ष ठेवलं म्हंजे झालं."

आता त्या रविवारकडे येते.

बांबू खांबांना आडवे बांधून झाले. माणसं घराखाली आणि घराभोवती उभी राहिली. काकूंना उतरायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी उतरले की तुम्ही घर टाकून चहाला जाल." हवालदार म्हणाले, सवारी राहू द्या, वजन फार नाही. काकूंनी ते ऐकलं आणि हवालदारांना जेवणात जिलेबी कमी वाढायची असं मला खिडकीतून सांगितलं.

घर पहिल्या झटक्यात उचललं गेलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की आमची ताकद कमी पडली. ताकद भरपूर होती. हुकूम भरपूर होते, ही अडचण झाली.

फोरमन पुढे उभे राहून त्यांच्या त्या भाषेत "सातू, दुआ, तीगा" असं एक-दोन-तीन करत होते. हवालदार परेडच्या आवाजात "दाहिने मूड" म्हणत होते, आणि त्यांचे नऊ जण मुडत होते. कारखान्यातली माणसं क्रेनच्या खुणा पाहायला शिकलेली. ती फोरमनच्या हातांकडे बघत होती, आणि फोरमन हात हलवून माश्या वारत होते. सुरगाण्याची माणसं आपसात ठरवून सरळ चालत होती, त्यांचंच एकट्यांचं बरोबर होतं. भजनी मंडळानं टाळ धरला आणि मागची फळी टाळावर पावलं टाकू लागली. परिणाम असा झाला की घर पुढे तर जात होतं, पण जाता जाता सावकाश फिरतही होतं.

खिडकीतून काकूंचा आवाज आला, "अहो, सूर्य कुठं गेला?"

"मागे आहे," फोरमन ओरडले.

"मघाशी पुढं होता."

गाडीवाट संपेपर्यंत घर पुरतं एकदा फिरून वर अर्धं आणखी फिरलं. एक कोंबडी उडाली, ती महादूभाऊंच्या धाकट्यानं धरली. वायरमननं पंपाची तार बांबूनं उचलून धरली आणि छप्पर खालून सुटलं. दुपारी एकच्या सुमाराला घर सोसायटीच्या मोकळ्या जागेत शिरलं.

तिथे आमच्या बायकांनी आणि नानांच्या मंडळींनी स्वयंपाक केला होता, कारण नळ तिथेच होता. रस्सा उकळत होता. माणसांची पावलं जड झाली. फोरमननी ते ओळखलं.

"थांबायचं नाही. जेवण मुक्कामाला. आमच्याकडे घर टेकल्याशिवाय जेवत नाहीत."

खिडकीतून काकू म्हणाल्या, "माणसं घामानं निथळतायत. सकाळपासनं नुसत्या चहावर हायेत. माझ्या दारापुढनं उपाशी चालवता त्यांना?"

"अगं, दारच चालतंय अजून."

"मग दार थांबवा."

कोणीतरी टेकवलं, आणि एकानं टेकवल्यावर सगळ्यांनी टेकवलं. खांबांखाली विटा, दगड, जे हाताला लागलं ते सरकवलं. अर्ध्या तासासाठी.

काकू सात पायऱ्या उतरून आल्या आणि पदर खोचून वाढायला लागल्या. प्रत्येकाला आग्रह. हवालदारांना जिलेबी चार. "अजून अर्धी भाकरी, अजून अर्धी, घर उचलायचंय ना." असं जेवण जेवल्यावर माणूस घर सोडाच, ताट उचलत नाही. देवळालीची बस होती, ती मंडळी गेली. ज्यांची दुसरी पाळी होती ते गेले. मजुरांना न्यायला ट्रक आला. भजनी मंडळाला दुसरीकडे कार्यक्रम होता. राहिलेले मॅच बघायला आमच्याच घरांत शिरले. साडेचारला मी हजेरी घेतली तेव्हा फोरमन, महादूभाऊ आणि मी. त्या घराची एक पायरी उचलायलाही आम्ही तिघं पुरलो नसतो.

संध्याकाळी काकूंनी गॅस पेटवला. खिडकीतून वाफ आली. दार सोसायटीच्या गल्लीकडे होतं, जणू आधीपासूनच.

सोमवारी सकाळी भाऊसाहेब फिरायला निघाले ते थबकले.

"हे काय?"

"घर," फोरमन म्हणाले.

"इथे?"

"इथे नाही. चाललंय."

"कुठे चाललंय? उभं आहे."

"भाऊसाहेब, बस निफाडच्या स्टँडवर उभी राहते, तेव्हा ती येवल्याला पोहोचली का?"

भाऊसाहेबांची सगळी नोकरी जमिनीवरच्या वस्तूंची नोंद करण्यात गेली होती. ते म्हणाले, "पुरावा?"

फोरमन त्यांना वाकवून घराखाली घेऊन गेले. मीही वाकले. आठ खांब विटा-दगडांवर टेकलेले होते. मधला, नववा खांब लोंबकळत होता. तिथे जमीन खोलगट होती आणि घाईत मधोमध कोणाचा हात पोहोचला नव्हता.

"आमच्याकडे मधल्या खांबाखाली दगड ठेवतात तेव्हा घर आलं म्हणतात," फोरमन म्हणाले. "तो शेवटी ठेवायचा. नारळ-गूळ ठेवून, मालकिणीच्या हातानं. तोवर घर वाटेत."

भाऊसाहेबांनी खिशातली आखणीची पट्टी काढली आणि खांबाखालून सरकवली. ती इकडून तिकडे निघाली. बाहेर येऊन त्यांनी गुडघे झटकले.

"सेक्रेटरी, लिहा. सोसायटीच्या मोकळ्या जागेत एक घर वाटेत आहे. जागेवर जाऊन पाहणी केली. नोंद घेतली." मग फोरमनना म्हणाले, "पण ऐकून ठेवा. टेकलं की ते अतिक्रमण. मग मला महापालिकेला कळवावं लागेल, आणि त्यांचा जेसीबी तुमच्या रीती विचारत नाही."

पुन्हा उचलायचा रविवार ठरला. मग पुढचा. मग आंब्याचे दिवस, मग पाऊस. एखाद्या रविवारी वीस माणसं जमायची, एखाद्या रविवारी जेवण. दोन्ही एकदम जमलं नाही. काकू वाढण्यात हात आखडता घ्यायला तयार नव्हत्या.

नानांची जमीन वेळेवर मोकळी झाली. आपली झाडं काही नेता येत नाहीत म्हणून फोरमन शेवटच्या दिवशी बांधावर गेले आणि सुरगाण्याच्या मजुरांना एकेक झाड देऊन आले. "हा आंबा तुझा. ही चिंच तुम्हा दोघांची." पुढच्या मे महिन्यात ती माणसं खरंच आंबे उतरवायला आली. बिल्डरच्या वॉचमननं हटकलं तर म्हणाली, "जमीन तुमचीच, आमी कुठं जमीन नेतो?" वॉचमनला त्यात काही चूक सापडेना. त्यानं आंबे उतरवू दिले आणि वॉचमनचा वाटा घेतला. झाडं त्याच्या पुढच्या वर्षी गेली.

दर सप्टेंबरात आमची वार्षिक सभा. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले एक सभासद दर वेळी उठायचे: हे घर आणखी किती वर्षं वाटेत राहणार?

"सातबाऱ्यावरच्या नोंदी याहून जास्त वर्षं वाटेत असतात," भाऊसाहेब म्हणायचे. मग सगळी सभा उठून मोकळ्या जागेत जायची. भाऊसाहेब वाकायचे, पट्टी निघायची, नोंद कायम. परत येताना काकूंकडून प्रत्येकाला चहा. हरकत घेणारे सभासदही प्यायचे; त्यांना बिनसाखरेचा लागतो हे काकूंना पाठ होतं.

दोन हजार एक साली महादूभाऊंनी गुलाब काढले आणि प्लॉट पाडले. मी फोरमनना सांगायला गेले. ते घराखाली खाटेवर बसून कोणाचा तरी टेबलफॅन उघडत होते.

"काका, ओढ्यापलीकडची जागा गेली. आता घर चाललंय कुठे?"

त्यांनी पंख्याचा स्क्रू तपासला, ओळीत ठेवला. "चाललंय एवढं बास आहे. कुठे ते मागाहून बघू."

दगड मात्र त्यांनी ओढ्यातून निवडून आणला होता. काळा, चपटा, सुरेख. काकू त्यावर लसूण ठेचायच्या.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारचे जेवून घराखालच्या खाटेवर पडले आणि उठले नाहीत. खालून न्यायला सोपं गेलं असं काकू म्हणाल्या. टोपल्या किती निघाल्या ते लिहीत नाही. शिवणयंत्र कारखान्यातल्या दोघांनी येऊन एका संध्याकाळी जोडून दिलं. चालतं.

नाना वहिनींना न्यायला आले. त्यांच्या जुन्या मळ्यावर आता बिल्डिंग होती. व्यवहारात त्यांना दोन फ्लॅट मिळाले होते, एक रिकामा होता. काकू माझ्याबरोबर बघायला आल्या. खाली गाड्या लावायला मोकळा मजला, नुसते खांबच खांब, त्यावर चार मजले घरं. काकूंनी खांब बघितले, वर बघितलं, लिफ्टनं जाऊन आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "सगळं गाव खांबावर ऱ्हातं आता. मग मी माझ्या खांबावर काय वाईट हाय?"

नानांनी पुढे आग्रह केला नाही. दर आठवड्याला भाजी मात्र स्वतः आणून देतात.

त्यानंतरच्या एका सप्टेंबरात पट्टी अडकली. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात बसते. इतक्या वर्षांत विटांखालची माती थोडी थोडी दबली होती, आणि मधली पावसानं वर आली होती. भाऊसाहेबांनी पट्टी आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. सभा बाहेर उभी होती. ते सावकाश बाहेर आले.

"आज चष्मा आणलेला नाही," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. "पाहणी पुढच्या रविवारी."

मी दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन गेले. काकू पायरीवर बसल्या होत्या.

"काकू, मी म्हणते ठेवून टाकू दगड. नारळ मी आणते. एकदाचं घर येऊ दे. काय व्हायचं ते होईल."

"अन् तुम्ही वहीत काय लिहिणार?"

"आलं म्हणून."

"अन् मग?"

"मग अतिक्रमण. कळवावं लागेल."

त्यांनी लसूण ठेचायचा तो दगड उचलला, हातात तोलला आणि परत खाली ठेवला.

"मग खुरपा ताई," त्या म्हणाल्या. "हळू हां. खांबाला लागंल."

तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. भाऊसाहेब ऐंशीच्या पुढे गेले, तरी सभेच्या दिवशी पट्टी घेऊन येतात आणि मला बघून विचारतात, "जागा मोकळी आहे ना?" मी हो म्हणते. यंदा पाऊस फार दिवस राहिला. काल वाकून पाहिलं तर मधला खांब पुरता टेकलाय, खाली नखही जात नाही. सभा रविवारी सकाळी दहाला आहे. खुरप्याला धार लावून आणली आहे, गुडघ्याखाली घ्यायला पोतं काढून ठेवलं आहे. माती काढायची राहिली आहे.